कोशिंबिरीची बाग: कच्च्या खायच्या भाज्या कधी लावाव्यात आणि नेमक्या केव्हा काढाव्यात

शिजवून खायच्या भाजीची काढणी चार दिवस पुढे-मागे झाली तरी फारसे बिघडत नाही, कारण फोडणी, तिखट-मीठ आणि मंद आच यांच्यात भाजीचे पुष्कळ दोष झाकले जातात. कच्च्या खायच्या भाजीला ही सवलत नसते. काकडीचा कडूपणा, मुळ्याचा जूनपणा, लेट्यूसच्या पानातला चीक किंवा टोमॅटोचा पाणचटपणा थेट जिभेवर येतो. त्यामुळे कोशिंबीर आणि सॅलड यांसाठी घरी भाज्या लावणाऱ्याला लागवडीइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, विचार काढणीचा करावा लागतो, आणि लागवडीचे बहुतेक निर्णयही त्या काढणीकडे पाहूनच घ्यावे लागतात.

आपल्या ताटात येणारी प्रत्येक कच्ची भाजी ही झाडाच्या आयुष्यातली एक वेगळी अवस्था असते, हे एकदा लक्षात आले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. लेट्यूस, मेथी, कोथिंबीर या भाज्या आपण झाड फुलावर येण्याआधी खातो. मुळा, गाजर आणि बीट म्हणजे झाडाने पुढच्या फुलोऱ्यासाठी जमिनीत साठवलेले अन्न, आणि ते खर्ची पडण्यापूर्वी आपण उचलतो. काकडी हे फळ आहे खरे, पण आपण ते कच्चे, आतले बी टणक होण्याआधी तोडतो. टोमॅटो मात्र पिकल्यावरच खाण्यात मजा आहे. म्हणजे पहिल्या तिन्ही गटांत झाडाला पुढची पायरी गाठायची घाई असते आणि आपल्याला ती लांबवायची असते. टोमॅटोत आपण त्याच पायरीची वाट पाहत असतो.

झाडाची ही घाई वाढवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उष्णता. सॅलडच्या परदेशी पुस्तकांत उन्हाळा हा हंगाम मानलेला असतो, आणि तेच वेळापत्रक पुण्यात किंवा नागपुरात वापरले की निराशा पदरी पडते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत नाजूक पाने आणि मुळे यांचा खरा हंगाम ऑक्टोबरची काहिली ओसरल्यानंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस संपत येतो. काकडीचे तसे नाही. ती पावसाळ्यात उत्तम येते आणि उन्हाळीही घेता येते. थंडीत मात्र तिची वाढ अडते. कोकणात तर पावसाळी परसबागेत तवशाचा, म्हणजे तिथल्या मोठ्या काकडीचा, वेल नाही असे घर विरळाच.

उन्हाचा विचार करताना दिशाही पाहावी लागते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. पुण्यात २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेकडील गॅलरीत ऊन आतपर्यंत येते आणि उत्तरेकडील गॅलरीला थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे याच गॅलऱ्यांचे चित्र त्या काळात उलटे होते. पालेभाज्यांना तीन-चार तासांचे ऊन चालते. मुळे आणि फळे धरणाऱ्या भाज्यांना सहा तासांच्या आसपास हवे. उत्तरेकडच्या गॅलरीत टोमॅटोचा हट्ट धरण्यापेक्षा पुदिना लावावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

कुंडीच्या खोलीबद्दल थोडक्यात सांगायचे तर पालेभाज्यांना १५ सेंटिमीटर, गाजर-मुळ्याला २५ ते ३० सेंटिमीटर, आणि टोमॅटो किंवा काकडीच्या एका झाडाला १५ ते २० लिटर मातीचे भांडे पुरते. माती भुसभुशीत असावी, पाणी खालून निघून जावे आणि शेणखत पूर्ण कुजलेले असावे. कुजलेल्या खताच्या या अटीकडे पुढे पुन्हा वळू, कारण कच्च्या भाजीच्या बाबतीत तिचा संबंध केवळ झाडाच्या वाढीशी नाही.

लेट्यूसबद्दल दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण नवख्या बागकामगारांची सर्वांत जास्त फजिती हीच भाजी करते. पहिली अडचण उगवणीची. लेट्यूसचे बी अतिशय बारीक असते, अनेक जातींच्या बियांना उगवायला उजेड लागतो, आणि मातीचे तापमान तीस अंशांच्या आसपास गेले की बी न उगवता सुप्तावस्थेत जाते. म्हणून ते खोल पेरू नये. ओल्या मातीवर टाकून वर जेमतेम दिसेल न दिसेल इतकी चाळलेली माती भुरभुरावी आणि उगवेपर्यंत भांडे सावलीत, गार जागी ठेवावे. हवा अजून गरम असेल, तर ओल्या कागदात गुंडाळलेले बी दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग पेरल्याने उगवण सुधारते.

दुसरी अडचण फुलोऱ्याची. पंधरा ते वीस अंशांच्या हवेत लेट्यूस निवांतपणे पानावर पान वाढवत राहते. दिवस मोठा होऊ लागला आणि पारा चढला की झाडाच्या मध्यातून एक दांडा वर सरकू लागतो, पाने अरुंद आणि टोकदार होतात, आणि देठ मोडला तर दुधासारखा चीक भरभरून येतो. हा चीक लेट्यूसमध्ये पहिल्यापासून असतो, पण फुलावर येताना त्यातील कडू द्रव्यांचे प्रमाण वाढते. एकदा दांडा सुटला की पाणी घालून किंवा सावली करून झाड मागे फिरत नाही. मधला भाग उंचावल्याची शंका आली त्याच दिवशी सगळे झाड कापून घ्यावे, यात भावनिक होण्यासारखे काही नाही.

घट्ट गड्डा धरणाऱ्या लेट्यूसला लांबलचक थंडी लागते, म्हणून घरी सुट्या पानांच्या जाती लावाव्यात. त्यांची काढणी दोन प्रकारे होते. पेरणीनंतर २५ ते ३५ दिवसांनी पाने बोटभर झाली की कात्रीने जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर सगळी कापता येतात. मधला कोंब शाबूत राहिला तर दोन-तीन आठवड्यांत दुसरी कापणी मिळते. किंवा झाड मोठे होऊ द्यायचे आणि बाहेरची तीन-चार पाने दर खेपेला खुडत राहायचे. थोड्या जागेत चार माणसांच्या घराला दुसरी पद्धत अधिक पुरवठ्याची ठरते, कारण तिच्यात झाडाचा काम करणारा पाला कायम राहतो.

कच्ची पाने खाण्याची रीत आपल्याकडे सॅलडबरोबर आलेली नाही. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यात मेथी बारीक चिरून, त्यात कांदा, दाण्याचे कूट, तिखट-मीठ आणि वरून तेल घालून केलेला घोळाणा भाकरीबरोबर खातात; कोवळ्या करडईचा आणि मुळ्याच्या पाल्याचाही करतात. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत वाढवलेली समुद्रमेथी तर बोटाएवढी असतानाच मुळासकट उपटून जुड्या बांधून विकायला येते. घरच्या बागेसाठी ही फार उपयोगी दृष्टी आहे, कारण मेथी दहा-बारा दिवसांत कोवळी उपटता येते आणि २५-३० दिवसांत पूर्ण जुडी होते. ज्याला लेट्यूसचे नखरे परवडत नाहीत त्याने मेथीपासून सुरुवात करावी.

कोथिंबिरीचा प्रत्येक धना म्हणजे दोन बिया एकत्र असतात. ते हलक्या हाताने रगडून फाका सुट्या केल्या आणि रात्रभर भिजवून पेरल्या तर उगवण लवकर आणि एकसारखी होते. तरीही आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो. ३० ते ४५ दिवसांत ती काढणीला येते, आणि उन्हाळ्यात लगेच बारीक, शेपूसारखी पाने फुटू लागली की फुलोरा आला म्हणून समजावे. कांद्याच्या पातीसाठी वेगळे बी आणण्याची गरज नाही. टोपलीत कोंब फुटलेले कांदे कुंडीत अर्धे पुरले की आठवड्या-दोन आठवड्यांत कापण्याजोगी पात मिळते.

मुळांच्या भाज्यांचा पहिला नियम असा की त्या जिथे वाढायच्या तिथेच पेरायच्या. रोप उपटून दुसरीकडे लावले की मुख्य मुळाला इजा होते आणि गाजराला दोन-तीन तंगड्या फुटतात. खडा लागला किंवा अर्धवट कुजलेले खत असले तरी तेच होते. गाजराचे बी उगवायला दहा-पंधरा दिवस सहज घेते आणि त्या काळात मातीचा वरचा थर एकदा जरी वाळला तरी उगवण फसते. वाफ्यावर ओले गोणपाट पसरून रोज खाली डोकावून पाहावे आणि पहिले हिरवे ठिपके दिसताच ते काढून टाकावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा केसर ही जात उष्णता बऱ्यापैकी सोसते. नारिंगी नँटिस जातीला मात्र चांगली थंडी लागते. दोन्हींचा रंग आणि गोडी साधारण १५ ते २१ अंशांत खुलते.

विरळणी करताना बहुतेकांचा हात थांबतो. उगवलेले रोप उपटून टाकणे जिवावर येते, पण दोन गाजरांत पाच-सहा सेंटिमीटर अंतर राहिले नाही तर दोन्हीही करंगळीएवढी राहतात. बिटाच्या बाबतीत तर विरळणी टळतच नाही, कारण आपण ज्याला बिटाचे बी म्हणतो ती अनेक बियांची जुडलेली गाठ असते आणि एका गाठीतून दोन-तीन रोपे निघतात. उपटलेली बिटाची तांबडी कोवळी रोपे धुऊन कोशिंबिरीत घालावीत. ती त्या महिन्याची पहिली तोडणी समजावी.

मुळा हे सर्वांत झटपट पीक. पुसा चेतकी ही जात उष्ण हवेतही येते आणि ४० ते ४५ दिवसांत काढायला होते, तर पुसा हिमानी थंडीसाठी आहे. मुळा जमिनीबाहेर डोके काढतो, त्यामुळे त्याची जाडी डोळ्यांनी दिसते, आणि म्हणूनच अजून थोडा वाढू देण्याचा मोह होतो. तो आवरावा. आठ-दहा दिवस जास्त राहिलेल्या मुळ्याला आत जाळी पडते, तो पोकळ होतो आणि तंतुमय लागतो. तिखटपणाचे कारण वेगळे आहे. मुळ्याच्या पेशींत एक गंधकयुक्त द्रव्य आणि त्याला फोडणारे विकर वेगवेगळे असतात. किसताना किंवा चावताना पेशी फुटून दोन्ही एकत्र आले की तिखट वास सुटतो. उष्णता आणि पाण्याची ओढाताण यांनी हे द्रव्य वाढते. म्हणजे मार्चमधला मुळा नाकात झणकला तर दोष बियाण्याचा नसून बहुधा हवेचा आणि पाण्याचा असतो.

काकडीला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. वेलावर आधी काही दिवस नुसतीच फुले येऊन गळून जातात आणि घाबरून लोक खते-औषधे घालू लागतात. ती नर फुले असतात. बारीक देठावर उभी राहणारी. मादी फूल थोडे उशिरा येते आणि त्याच्या मागे इवलीशी लवदार काकडी आधीच दिसते. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मधमाशीने पराग आणला तर ती काकडी धरते, नाही तर पिवळी पडून गळते. अर्धवट पराग मिळाला तर काकडी एका बाजूला फुगीर आणि दुसरीकडे निमुळती होते. उंच इमारतीत मधमाश्या येत नसतील, तर सकाळी ताजे नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. परागीकरणाशिवाय फळ धरणाऱ्या जातीही मिळतात आणि बंद गॅलरीसाठी त्या सोयीच्या असतात. खुल्या बागेसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या हिमांगी आणि फुले शुभांगी या जाती, किंवा पुणे खिरा, आपल्या हवेला सरावलेल्या आहेत.

फूल उमलल्यापासून साधारण आठ ते बारा दिवसांत काकडी तोडण्याजोगी होते. साल एकसारख्या रंगाची, हाताला लव किंवा बारीक काटे लागणारी, आणि आडवी कापली तर बिया मऊ, पांढुरक्या असाव्यात. हिमांगीसारख्या पांढुरक्या सालीच्या जातीत रंगावर विसंबता येत नाही. तेथे जाडी पाहावी. वेलावर पानाआड एक जरी काकडी राहून पिवळी पडली, तरी वेल आपली ताकद तिच्या बियांत घालतो आणि नवी फळे धरणे मंदावते. म्हणून खायची असो वा नसो, तयार काकडी एक दिवसाआड शोधून तोडावी, आणि ओढून न काढता थोडा देठ ठेवून कात्रीने कापावी.

कडूपणा येतो तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे. वेलाच्या पानांत ती असतातच. पाण्याची टंचाई किंवा कडक उष्णता यांच्या ताणाने ती फळात उतरू शकतात, आणि काही वाणांत हा गुण मुळातच अधिक असतो. देठाकडचा भाग आणि सालीलगतचा थर यांत त्यांचे प्रमाण जास्त असते. देठाकडची चकती कापून ती घासून फेस काढण्याची आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. त्यातला खरा फायदा बहुधा ती टोकाची चकती कापून टाकण्याचाच असावा. मी तरीही घासतो, ते सोडा. मात्र काकडी किंवा दुधी जिभेला झोंबेल इतका कडू लागला तर साखर घालून खपवू नये, सरळ टाकून द्यावा, कारण या द्रव्यांमुळे तीव्र उलट्या-जुलाब होऊ शकतात.

टोमॅटोचा प्रश्न वेगळ्या दिशेचा आहे. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही पंचविशीच्या आसपास तापमान राहिले की पराग निकामी होतो आणि फुले गळतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये झाड हिरवेगार दिसूनही फळ धरत नाही. फळाचा लाल रंग देणारे लायकोपिन वीस ते पंचवीस अंशांत चांगले तयार होते आणि तिशीच्या पुढे त्याची निर्मिती अडते, त्यामुळे उन्हाळी टोमॅटो पिवळट-नारिंगी राहतात. अशा वेळी फळाच्या टोकाशी गुलाबी झाक दिसताच ते तोडून घरात सावलीत पिकवावे; रंग फुटू लागल्यावर पिकण्याची क्रिया झाडाविना पुढे चालू राहते, आणि पक्षी व अळ्या यांच्या तावडीतूनही फळ सुटते. तळाशी काळा, खोलगट डाग पडत असेल तर तो बहुतेक वेळा रोग नसतो. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असे झाले की फळाला कॅल्शियम वेळेवर पोहोचत नाही, त्याचा तो परिणाम असतो.

सगळे बी एकाच दिवशी पेरणे ही घरच्या बागेतली नेहमीची चूक आहे. वीस मुळे एकदम तयार झाले तर त्यातले पाच खाल्ले जातात आणि पंधरा जून होतात. वाफ्याचे किंवा कुंड्यांचे तीन-चार भाग करून दर दहा ते पंधरा दिवसांनी एकेक भाग पेरला, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात दर आठवड्याला काही ना काही कोवळे हाती येत राहते.

आता खताचा मुद्दा. ताजे शेण किंवा अर्धवट कुजलेले खत यांत पोटाच्या विकारांचे जंतू आणि कृमींची अंडी असू शकतात, आणि भाजी शिजत नसल्याने ती मरत नाहीत. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत, कच्चे शेणखत मातीत मिसळल्यापासून मातीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीपर्यंत किमान १२० दिवस जावे लागतात. मातीला न टेकणाऱ्या पिकांसाठी ही मुदत ९० दिवसांची आहे. महिन्याभरात उपटायच्या मेथीला ही अट कधीच पाळता येणार नाही, हे उघड आहे. म्हणून कोशिंबिरीच्या वाफ्यात पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे खतच वापरावे आणि ताज्या शेण-गोमूत्रापासून केलेले जीवामृत पानांवर फवारू नये. कोबीतला किडा मेंदूत जातो अशी एक भीती घराघरांत आहे. खरा धोका किड्याचा नसून, माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा मातीतून भाजीवर येणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांचा असतो. आपल्या बागेत कोणते पाणी आणि कोणते खत पडते हे आपल्याला ठाऊक असते, हा घरच्या भाजीचा मोठा लाभ आहे, पण म्हणून ती न धुता खावी असे नाही.

पाने दिवसाच्या कोणत्या वेळी काढावीत याला दोन उत्तरे आहेत. पानाचा कुरकुरीतपणा पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर अवलंबून असतो आणि रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतल्याने तो पहाटे सर्वाधिक असतो. दुसरीकडे, पानांतील नायट्रेटचे प्रमाण दिवसभराच्या उजेडात कमी होते आणि साखर वाढते, म्हणून हिवाळ्यात संध्याकाळी तोडलेले पान चवीला किंचित सरस असू शकते. लगेच खायचे असेल तर जेवणाआधी खुडावे. ठेवायचे असेल तर सकाळी, उन्हाची तिरीप येण्याआधी. दुपारी दोन वाजता काढू नये, एवढे पाळले तरी पुरे. कोमेजलेली पाने पंधरा-वीस मिनिटे गार पाण्यात बुडवली की बरीचशी पुन्हा ताठ होतात.

मुळा, गाजर, बीट उपटल्यावर पाला ताबडतोब कापून वेगळा करावा, कारण उपटल्यानंतरही पाने मुळातले पाणी ओढत राहतात आणि दोन दिवसांत गाजर रबरासारखे वाकते. पाला वेगळा धुऊन घोळाण्यासाठी किंवा भाजीसाठी वापरावा. धुतलेली पाने चांगली निथळून, कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवावीत. काकडी फ्रिजच्या सर्वांत गार खणात ठेवू नये, दहा अंशांखाली काही दिवसांतच तिच्या सालीवर खोलगट डाग पडतात. टोमॅटो तर बाहेरच बरा. साधारण बारा अंशांखाली त्याचा गंध तयार होणे मंदावते.

फेब्रुवारीच्या शेवटी जी झाडे हाताबाहेर जातात, ती सगळी उपटायची नसतात. दोन-तीन मुळे फुलू द्यावेत. त्यांच्या हिरव्या कोवळ्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, दाताखाली कुरकुरतात, मुळ्यापेक्षा सौम्य लागतात आणि दह्यात छान जातात. त्या डिंगऱ्याही वाळेपर्यंत राखल्या तर बी मिळते. कोथिंबिरीचे हिरवे धने चटणीत घालावेत किंवा वाळवून पुढच्या पेरणीला ठेवावेत. बियाण्यासाठी काकडी पूर्ण पिवळी होईपर्यंत वेलावर ठेवावी लागते, पण शेजारी दुसऱ्या जातीचा वेल असेल तर बी सरमिसळीचे निघते, आणि पाकिटावर संकरित असे लिहिलेले असेल तर पुढच्या वर्षी तसेच फळ येईल याची खात्री नसते. नँटिस गाजराला फुलण्यासाठी काही आठवडे कडक थंडी लागते, त्यामुळे आपल्या सपाटीच्या भागात त्याचे बी धरत नाही आणि ते दरवर्षी विकतच आणावे लागते.